अ‍ॅम्पमधला तिसरा हात

मार्थाकाकूंचा फोन आला तेव्हा मी नोएडातल्या माझ्या फ्लॅटच्या दारात गॅसवाल्याशी हुज्जत घालत उभी होते. दुपारचा एक वाजला असेल. काकूंनी नेहमीप्रमाणे आधी "जेवलीस का?" असं विचारलं. मी "नाही अजून" म्हटलं. त्यावर त्या म्हणाल्या, "मग जेवून घे आणि ये. काका गेले गं. इथं आल्यावर तुला कोण वाढणार?" मी फोन हातात धरून तशीच उभी राहिले. ज्याच्यावर मी दोन मिनिटांपूर्वी आवाज चढवत होते तो गॅसवालाच "क्या हुआ मैडम, बैठ जाइए" म्हणत आतून खुर्ची घेऊन आला. काकूंचं मी ऐकलं नाही. न जेवताच वसुंधरा वसाहतीत त्यांच्या घरी गेले आणि पोचल्या पोचल्या त्याबद्दल बोलणी खाल्ली.

याला आता सव्वा महिना झाला. काकांचं, याकोब शेळके हे नाव ही पुरवणी वाचणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. ते केंद्र सरकारच्या एका खात्यात वायरलेस सेट सांभाळायचे. नगर जिल्ह्यातून विशीत दिल्लीला आले ते कायमचे इथलेच झाले. पण दिल्ली, गुडगाव, नोएडा या टापूत ज्याच्याकडे म्हणून गिटारचा जुना व्हॉल्व्हवाला अ‍ॅम्प्लिफायर आहे, त्याला हे नाव विचारून बघा. व्हॉल्व्ह म्हणजे आपल्या जुन्या रेडिओत असायचे ते काचेचे, आत तांबूस उजेड धरणारे. असा अ‍ॅम्प चाळीस-पन्नास वर्षं जगला की तो कारखान्यातून निघाला तसा राहत नाही. कुणी त्याचा आवाज वाढवायला काहीतरी जोडतो, कुणी तो कमी करायला काहीतरी तोडतो, कुणी मूळचा भाग मिळाला नाही म्हणून हाताशी असेल तो बसवतो. काका मागची फळी काढायचे, टॉर्च मारायचे, आणि याला किती हात लागलेत ते सांगायचे. "हात" हा त्यांचाच शब्द. सोल्डरची चमक कशी आहे, वायरीला पीळ किती वेळा दिलाय, वीज साठवणाऱ्या कंडेन्सरवरचे बारीक आकडे कुठल्या सालचे आहेत, स्क्रूच्या डोक्यावरचा रंग उडालाय का... एवढ्यावरून ते माणूस उभा करायचे. हा घाईत होता, हा डावखुरा होता, याला काम येत नव्हतं पण शिकायची हौस होती. आणि हे सगळं एक हात खिशात घालून. प्लग काढल्यावरही या पेट्यांच्या पोटात वीज बराच वेळ साठून राहते आणि दोन्ही हात आत घालणारा माणूस एखाद्या दिवशी आडवा होतो, म्हणून ती सवय. पुढं पुढं त्यांचा डावा हात भाजी घेतानाही खिशात असायचा आणि पिशव्या काकूंना उचलाव्या लागायच्या.

माझी त्यांची ओळख व्हायला माझा हट्टीपणा कारण झाला. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये आम्ही तळमजल्यावर राहायचो, शेळके पतिपत्नी वरच्या मजल्यावर. त्यांना मूलबाळ नव्हतं. चाणक्यपुरीतलं एक परदेशी कुटुंब मायदेशी परत निघालं होतं आणि घरातलं सामान विकत होतं. वडील तिथं टेबल फॅन बघायला गेले आणि मी सोबत गेले. येताना टॅक्सीत फॅन नव्हता, अमेरिकेत बनलेला एक गिटार अ‍ॅम्प होता आणि तिथली वीज वेगळी म्हणून त्याच्यासोबत आलेला एक वजनदार ट्रान्सफॉर्मर होता. वडिलांनी ही गोष्ट पुढं वीस वर्षं प्रत्येक उन्हाळ्यात, घाम पुसत, आल्यागेल्याला सांगितली. अ‍ॅम्प लावला तर त्यातून नुसता गुंगाट. आईनं वरच्या शेळक्यांना हाक मारली, कारण त्यांनी आमचा रेडिओ एकदोनदा दुरुस्त केला होता.

काकांनी तोवर रेडिओच पाहिले होते. हा अ‍ॅम्प त्यांनी उघडला आणि जमिनीवर मांडी घालून त्याच्यापुढं किती तरी वेळ बसून राहिले. मग म्हणाले, कारखान्याचा एक हात आणि नंतरचा एक. हा दुसरा माणूस शेजाऱ्यांना घाबरणारा होता, त्यानं आवाज मुद्दाम अर्ध्यावर आणून ठेवलाय. मी म्हटलं, मग ते काढून टाका. काकांनी मान हलवली. दुसऱ्यानं केलेलं काम, ते का केलं हे कळल्याशिवाय काढायचं नाही, हा त्यांचा नियम मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. पुढं तो शंभरदा ऐकला. अ‍ॅम्प ते वर घेऊन गेले, आणि आमच्या कपाटावर धूळ खात पडलेला, कायमचा गप्प झालेला रेडिओही मागून घेऊन गेले. आठवड्यानं अ‍ॅम्प परत आला. गुंगाट गेला होता. काय केलंत, असं विचारलं तर म्हणाले, "थोडी साफसफाई. आता बिल्कुल बिनधास्त वाजव." जिन्यात आमच्या रेडिओचा सांगाडा पडलेला दिसला. त्याच्या पोटातल्या पिवळ्या कापडी वेष्टणाच्या जाड वायरी नाहीशा झाल्या होत्या. त्या माझ्या अ‍ॅम्पमध्ये गेल्या एवढं मला समजलं, का गेल्या ते मी विचारलं नाही. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीला स्वतःच्या आवाजापलीकडं काही ऐकू येत नसतं.

माझ्या एका अ‍ॅम्पवरून काकांना हा नाद लागला, आणि पाहता पाहता तो मोठा झाला. आधी चर्चमधल्या बँडवाल्यांचे अ‍ॅम्प यायला लागले, मग मुनिरक्यात भाड्याच्या खोल्यांत राहणारे ईशान्येकडचे विद्यार्थी जिना चढायला लागले. ती मुलं जेवण चुकवतील पण गिटार चुकवणार नाहीत अशी. काकांची नगरी वळणाची हिंदी आणि त्यांची डोंगरी हिंदी यांचा जो संवाद चालायचा तो ऐकायला मी मुद्दाम वर जाऊन बसायचे. नाताळात काकू करंज्या आणि शेवेचे डबे भरायच्या आणि निम्मे डबे मुनिरक्याला जायचे. याच काळात कधी तरी काकांनी कागद लिहायची पद्धत सुरू केली. प्रत्येक अ‍ॅम्पसाठी एक पान. त्यावर आतली आकृती, कुठं कुणाचा हात लागलाय, त्यानं काय बदललं आणि त्यांच्या अंदाजानं का बदललं. खाली सही. ते पान घडी घालून अ‍ॅम्पच्या आतच ठेवायचे. जुन्या वस्तूंच्या बाजारात लोक वाटेल त्याला अस्सल म्हणून खपवतात, पण काकांचं पान असलं की पुढं कुणी प्रश्न विचारत नसे. माझ्या अ‍ॅम्पला मात्र पान नव्हतं. तो त्या पद्धतीच्या आधीचा.

माझं वाजवणं म्हणाल तर कॉलेजपुरतं टिकलं. नंतर नोकरी लागली, फायली आल्या, लग्न झालं, मोडलं, आई-वडील गेले, आणि गिटार एका कपाटावरून दुसऱ्या कपाटावर फिरत राहिली. काका-काकू निवृत्तीनंतर वसुंधराला राहायला गेले आणि तिथल्या बंद केलेल्या बाल्कनीत त्यांनी आपली कामाची जागा केली. मी जायचे, पण सणावारी. दोन वर्षांपूर्वी मीही निवृत्त झाले. सरकारी क्वार्टर सोडून या दोन खोल्यांत आले, आणि सामान कमी करायचं म्हणून अ‍ॅम्प विकायला काढला. गुडगावचे मेहरा म्हणून एक गृहस्थ आहेत, त्यांना जुने अ‍ॅम्प जमवायचा शौक आहे. ते म्हणाले, इथं भारतात कुणी छेडछाड केलेली नसेल तरच घेईन, आणि ते शेळके साहेबांनी सांगितलं पाहिजे. मला हसू आलं. घरचंच काम, असं वाटलं.

काकांच्या बाल्कनीत आम्ही तिघं बसलो होतो, काका, मेहरा आणि मी. काकांनी फळी काढली, एक हात खिशात घातला, टॉर्च फिरवला. कारखान्याचा हात सांगितला. शेजाऱ्यांना घाबरणारा माणूसही अगदी त्याच शब्दांत सांगितला. मला बरं वाटलं. टॉर्चचा उजेड मग त्या पिवळ्या वायरीवरून गेला... आणि पुढं गेला. माझ्या वडिलांच्या रेडिओतली वायर मला लांबून ओळखू आली, आणि ज्यांनी ती स्वतः कापून तिथं लावली होती त्यांचा टॉर्च तिच्यावर थांबला नाही. काका म्हणाले, "बस. दोन हात. इथं कुणी उघडलेला नाही." पान लिहिलं, सही केली. मेहरा खुशीत म्हणाले, "शेळके साहब ने बोल दिया तो बोल दिया." काकांनी माझ्याकडं पाहिलं, ते नेहमीसारखंच, जरा मिस्कील. मी काही बोलले नाही.

त्या गप्प राहण्याची मला पुढं फार लाज वाटली. मेहरांसमोर त्यांना कसं तोंडघशी पाडायचं, असं मी स्वतःला समजावलं. पण खरं सांगायचं तर मी घाबरले होते. जे माझ्या लक्षात आलं होतं ते तोंडानं बोललं की खरं होईल असं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी काकूंना फोन केला.  त्या एकेक सांगायला लागल्या. सकाळचा चहा घेऊन झाला की पुन्हा मागतात. पास्टरांना त्यांच्या वडिलांच्या नावानं हाक मारतात. खालच्या दुकानातून परत येताना दुसऱ्याच जिन्यानं चढतात. "पण पेटीसमोर बसले की शहाणे असतात गं," काकू म्हणाल्या. "तेवढंच उरलंय त्यांच्याजवळ. तू काही बोलू नकोस. माझी शपथ आहे तुला."

शपथ घातली म्हणजे झालं, असा माझा स्वभाव नाही, हे काकूंना माहीत होतं. मला राहून राहून तो कागद डोळ्यांपुढं येत होता. ज्या माणसानं आयुष्यात एक ओळ खोटी लिहिली नाही, त्याच्या सहीचा खोटा कागद माझ्यामुळं गुडगावच्या एका दिवाणखान्यात पडला होता. आणि आणखी कुणी तरी तो अ‍ॅम्प उघडला तर शेळक्यांना आता दिसत नाही अशी बोंब व्हायला वेळ लागणार नव्हता. आठ दिवसांनी मी मेहरांकडे गेले, विचार बदलला असं सांगितलं, त्यांच्या चार गोष्टी ऐकून घेतल्या आणि अ‍ॅम्प कागदासकट परत घेऊन आले. वाटलं होतं, कागद फाडून टाकीन, काकांना कळायचंही कारण नाही. काकूंचं आणि माझं, दोघींचंही साधेल. पण मेहरांनी फोन करून काकांना सांगितलंच, आणि तिसऱ्या दिवशी काकांचा मला फोन. "सुनंदा, पेटी परत का आली? घेऊन ये."

मग तो दिवस. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या, माझ्याकडं रागानं बघत. काका अ‍ॅम्पसमोर मांडी घालून. या वेळी त्यांनी घाई केली नाही. इंचाइंचानं बघत गेले आणि त्या पिवळ्या वायरीपाशी थांबले. बोटाच्या नखानं सोल्डर चाचपलं. मग अगदी हळू म्हणाले, "इथं तिसरा हात आहे. मला दिसला कसा नाही?"  ते माझ्याकडं बघत नव्हते, त्या कामाकडं बघत होते. विजेच्या येणाऱ्या तारेपासून पेटीच्या आतल्या पत्र्याला जोडलेला एक कंडेन्सर या जुन्या पेट्यांत असतो, तो यानं काढून टाकलाय, त्यांनी मला समजावून सांगितलं. तो बिघडला तर सगळी वीज पत्र्यात, पत्र्यातून गिटारच्या तारांत. आणि या पिवळ्या वायरींनी पत्र्याला अर्थिंग दिलंय, एकदा नाही, दोनदा, दोन वेगळ्या जागी. एक तुटलं तर दुसरं असावं म्हणून. "एवढं कुणी करत नाही," काका म्हणाले. "बूट घालून वाजवणाऱ्याला एक पुरे. याच्या घरात कुणी तरी फरशीवर अनवाणी वाजवणारं होतं. पोरगी असावी... याला आवाजाचं काही पडलेलं नव्हतं बघ. याला तिची काळजी होती. चांगला माणूस. कोण होता?"

आणि तेव्हा मला आठवलं, की अ‍ॅम्प आणला त्या पहिल्या दिवशी गुंगाट ऐकू यायच्या आधी तारांना हात लावताच माझ्या बोटांना झिणझिण्या आल्या होत्या. मी ते हसत हसत जिन्यात काकांना सांगितलं होतं आणि विसरून गेले होते. दिल्लीच्या उन्हाळ्यात मी कधी पायात काही घातलं नाही. त्या पायांकडं कुणाचं लक्ष होतं हे मला इतक्या वर्षांनी, त्या बाल्कनीत, समजत होतं. काकांनी हे सगळं त्या वायरींवरून वाचलं की कुठून तरी त्यांना आठवलं, हे मला आजही सांगता येत नाही. काकूंची शपथ मी मोडली. म्हटलं, "काका, हा हात तुमचा आहे. आणि ती पोरगी मी."

 काका आपला उजवा हात उलटसुलट करून बघत राहिले. मग काकूंकडं बघून कसनुसं हसले, म्हणजे त्यांनाही कळत होतं, गेले काही महिने कळत होतं, आणि ते एकट्यानं सांभाळत होते. मला म्हणाले, पेन आण. जुन्या कागदावर रेघ मारून खाली लिहिलं, "वरचं चुकीचं आहे. तिसरा हात माझा." सही केली. त्याचा फोटो काढून मेहरांना पाठव म्हणाले. मी नको नको म्हणत होते, पण त्यांनी समोर बसून पाठवायला लावला. मेहरांचा फोन आला तेव्हा काका त्यांना शांतपणे म्हणाले, "अब मेरे कहने पर किसी का अ‍ॅम्प मत लेना, मेहरा साहब।" त्यानंतर त्यांनी एकाही अ‍ॅम्पचा निवाडा दिला नाही. काकू महिनाभर माझ्याशी धड बोलल्या नाहीत. मी बरोबर वागले की नाही, हे मी आजही ठरवू शकलेले नाही. त्यांच्याजवळ उरलेली एक गोष्ट माझ्या बोलण्यानं गेली, हे खरं. पण खोट्या कागदावर त्यांना ठेवणं मला जमलं नसतं, आणि त्यांनाही ते आवडलं नसतं, असं मी स्वतःला सांगते.

पुढचं दीड वर्ष उताराचं होतं. आधी माझं नाव गेलं, मग आर. के. पुरम गेलं. मी गेले की ते मला पाहुण्यांसारखं बसवायचे आणि अदबीनं "तुम्ही कुठल्या?" विचारायचे. एका दुपारी मात्र त्यांनी एकदम माझा हात धरला आणि विचारलं, "ती अनवाणी मुलगी... ती अजून वाजवते का?" मी म्हटलं, "वाजवते. रोज वाजवते." ते खुलले. म्हणाले, सहा महिन्यांनी एकदा अर्थिंग बघत जा म्हणावं तिला. मग पुढं प्रत्येक भेटीत तोच प्रश्न आणि माझं तेच उत्तर.

पहिल्यांदा ते उत्तर दिलं त्या दिवशी मेट्रोत बसल्यावर माझं मलाच कसंतरी झालं. एका चुकीच्या ओळीसाठी त्या माणसानं आपला सगळा लौकिक सोडून दिला होता, आणि मी त्यांच्या तोंडावर सहज खोटं बोलून आले होते. वाटेत उतरून गिटारच्या नव्या तारा घेतल्या. बोटं ताठरलेली, एकेका सुरासाठी मारामारी. शेजारच्या बाईंनी दुसऱ्याच दिवशी, सब ठीक तो है ना, अशी चौकशी केली. पण पुढच्या भेटीत त्यांनी विचारलं तेव्हा "वाजवते" म्हणताना मला खाली बघावं लागलं नाही.

काका गेले त्या आठवड्यात मी गिटारला हात लावला नाही. मग एक दिवस काकूंनी फोनवर, जेवणाचं विचारून झाल्यावर, "वाजवतेस ना?" असं विचारलं. काकांचा प्रश्न आता त्या विचारतात. त्यामुळं संध्याकाळी दिवे लागले की मी फळीमागं टॉर्च मारून दोन्ही पिवळ्या वायरी जागेवर आहेत ना ते बघते, डावा हात खिशात घालून. अ‍ॅम्प सुरू करते, व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबते, चप्पल काढून ठेवते. पायाखाली फरशी गार असते. मी तारांना बोटं लावते, आणि मला काहीही होत नाही.